मागच्या बाजूचं बटण

मोठी अक्षरं वाचता येत नाहीत आणि बारीक मात्र येतात, असं यशोधराबाई सांगायच्या तेव्हा ऐकणारा एकतर हसायचा, नाहीतर कीव आल्यासारखा गप्प व्हायचा. काचबिंदूने त्यांच्या नजरेची कड चारी बाजूंनी कुरतडत आणली होती. आता मधोमध बोराएवढी जागा शिल्लक होती, तीही थेंब वेळेवर घातले तर टिकेल अशी. त्या जागेत बारीक टाइपातले तीन-चार शब्द नीट मावायचे. पण नातेवाईक प्रेमाने ठळक टाइपातली पुस्तकं आणायचे. भाच्याने दिवा लावलेलं भिंग आणलं. त्या भिंगाखाली 'क' एवढा फुगायचा की दांडा दिसला तर पोट दिसायचं नाही.

"हत्तीला माझ्या नाकाशी उभा करता आणि विचारता, हत्ती दिसतो का?" बाई म्हणायच्या.

त्यांचे पती बुद्धभूषण हे ऐकत पुस्तकाचं पान उलटायचे. ते मुळातच कमी बोलायचे. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी हयात घालवली होती, आणि तिथेही ते मान खाली घालून काम करणारे म्हणूनच सगळ्यांना माहीत होते. निवृत्तीनंतर बदलापूर पूर्वेला शिरगावात घर घेतलं, त्यातल्या दोन भिंती पुस्तकांना दिल्या. दाराला कुलूप लावल्यावर जिन्यातून परत येऊन ते ओढून बघायची त्यांना सवय होती. कुणी कामाचं कौतुक केलं तर म्हणायचे, "नाही हो, काहीतरी राहिलंच असेल."

शिरगावच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन सुरू व्हायचं. विहारावर नुसते पत्रे होते तेव्हापासून वाचन यशोधराबाईंचं. पांढरी साडी, समोर चौरंग, चौरंगावर ग्रंथ, आणि बाईंचा शाळेत शिकवून मुरलेला स्वच्छ आवाज. पण गेल्या वर्षी त्यांनी एक ओळ दोनदा वाचली, मग दोन ओळी गाळल्या, मग बोट ठेवून ओळ शोधत राहिल्या. लोक समजूतदारपणे थांबले होते. तोच समजूतदारपणा बाईंना लागला होता.

यंदा ग्रीष्म सरायच्या आतच विहाराचे चिटणीस शंकरराव घरी आले.

"जयभीम, बाई. यंदाचं कसं करायचं म्हणता?"

"तुम्ही काय म्हणता?"

"मी कोण म्हणणार? पोरं म्हणतात रेकॉर्डिंग मिळतं मोबाईलवर, स्पीकरला जोडलं की झालं. नाहीतर तुम्हाला निम्मा ग्रंथ पाठच आहे की. तसाच म्हणा. कुणाला कळतंय?"

"मला कळतं," बाई म्हणाल्या. "पाठ म्हणताना माणूस स्वतःचं ऐकतो, शंकरराव. वाचताना ग्रंथाचं ऐकतो."

शंकररावांनी चहाची बशी खाली ठेवली. "बरोबर आहे. पौर्णिमेपर्यंत सांगा. नाहीतर स्पीकर आहेच."

ते गेल्यावर बाईंनी चष्मा पदराने पुसला, डबीत ठेवला आणि डबी कपाटात ठेवली. चष्मा एरवी कायम खिडकीच्या कट्ट्यावर असायचा. बुद्धभूषण पुस्तकाआडून हे बघत होते. काहीतरी बोलावं असं त्यांना फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काळा पुठ्ठा घेतला, ब्लेडने त्यात अरुंद खिडकी कापली आणि तो पुठ्ठा ग्रंथाच्या पानावर ठेवला. एकाच ओळीचा तुकडा तेवढा दिसत राहिला.

"बघ बरं."

बाईंनी मान थोडी इकडेतिकडे करून जागा धरली आणि धडाधड वाचलं. अगदी पूर्वीसारखं. पण पुठ्ठा पुढे सरकवायची वेळ आली तशी खिडकी तिरकी झाली आणि ओळ हरवली. पुन्हा शोधली, पुन्हा हरवली. तिसऱ्यांदा बाईंनी पुठ्ठा हलकेच त्यांच्या हातात परत दिला.

"खिडकी चांगली आहे हो. पण ती सरकवताना मी रस्त्यावर येते."

ते वाक्य बुद्धभूषणांच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिलं. भाजी निवडताना, दूध आणताना, कुलूप ओढून बघताना. खिडकी सरकली की ओळ हरवते. मग खिडकी जागेवरच ठेवली तर? खिडकी स्थिर, आणि शब्दांनीच येऊन तिच्यासमोर उभं राहायचं. एक ओळ आली, वाचली, गेली. दुसरी आली.

असं काही असतं का, हे विचारायला त्यांच्या ओळखीत एकच माणूस होतं. अनुया. बाईंची शाळेतली विद्यार्थिनी, आता बदलापुरातच खरवईच्या नव्या सोसायटीत राहायची आणि कुठल्याशा कंपनीसाठी उपकरणांचे प्रोग्रॅम लिहायची. तिला फोन करायला बुद्धभूषणांना दोन दिवस धीर झाला नाही. शेवटी बाईंनीच फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"काका, मोबाईलवर का नाही?" अनुयाने पहिलाच प्रश्न विचारला.

"करून पाहिलं. ती एवढी मोठी उजळ काच, तिच्यात नजर भरकटते. बोट लागलं की पान पळतं. तिला लहान काच पाहिजे. बोटाच्या दोन पेरांएवढी. तिच्यापलीकडे काही दिसायलाच नको."

अनुयाने पेरांचं माप दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "मस्त प्रॉब्लेम आहे, काका. तुम्ही स्क्रीन आणा, लिहायचं मी बघते."

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जयदेव नावाच्या सिंधी गृहस्थाचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. कारखान्यात असल्यापासून बुद्धभूषण तिथून माल नेत, तरी दुकानात शिरताना अजून पायरीवर घुटमळत.

"आओ साईं, आओ! इतने दिन कुठे गायब?" जयदेवने गल्ल्यावरूनच हाक मारली. "रिटायर झाला म्हणजे काय दुकान भी विसरला?"

बुद्धभूषणांनी दोन पेरं दाखवून हवी ती स्क्रीन सांगितली. जयदेवने खणातून एक काढून काचेवर ठेवली. पातळ काच, तिच्या एका कडेतून बाहेर आलेली पारदर्शक, तपकिरी झाक असलेली रिबन, आणि रिबनच्या टोकाला ओळीने सोनेरी पट्ट्या. बुद्धभूषणांनी ती तळहातावर घेतली आणि बघतच राहिले. एवढ्याशा रिबनीतून अख्खा ग्रंथ जाणार!

सुरुवातीला त्यांनी तयार मिळणारा सर्किट बोर्ड आणि सुट्या तारा वापरून जोडणी केली. अनुयाने त्यात ओळी भरल्या. तिने एक गंमतही सांगितली, की ह्या स्क्रीनला जोडाक्षरं कळतच नाहीत. 'धम्म' लिहिलं की 'म'चा पाय मोडून तो वेगळा उभा राहतो. म्हणून प्रत्येक ओळीचं आधी चित्र करायचं आणि चित्रच दाखवायचं. ओळी टाइप करायचं काम बुद्धभूषणांनी घेतलं. कुठे तोडायच्या ते बाई सांगायच्या, "श्वास जिथे तुटतो तिथे."

जोडणी चालली. ओळ पुढे न्यायचं बटण दाबत बाईंनी चार ओळी वाचल्याही. पण तारांच्या त्या गुंत्याला हात लावताच एक तार निसटली आणि काच अंधारली.

"अहो, हे घेऊन मी विहारात बसले तर लोक पळून जातील," बाई म्हणाल्या. "बाईंनी बॉम्ब आणला म्हणतील."

त्या हसल्या खऱ्या, पण मग गंभीर होऊन म्हणाल्या, "समोर ग्रंथच दिसला पाहिजे. हे नाही."

म्हणजे स्क्रीनएवढाच बोर्ड हवा, तसूभरही मोठा नको. असा बोर्ड बाजारात नव्हता. तो स्वतःच आखून काढायला हवा होता.

बुद्धभूषणांची झोप त्या विचारानेच उडाली. कारखान्यात त्यांनी बोर्ड काढले होते, पण ते जुन्या पद्धतीने. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर पारदर्शक फिल्म पसरायची आणि तिच्यावर काळी बारीक चिकटपट्टी लावत तांब्याच्या वाटा आखायच्या. आता ते सगळं कॉम्प्युटरवर होतं. अनुयाने प्रोग्रॅम टाकून दिला, चार गोष्टी दाखवल्या आणि म्हणाली, "बाकी तुम्हीच मला शिकवाल."

"छे, छे," ते म्हणाले. "मला नाही जमायचं."

आणि मग बसले ते उठेनात. पुढच्या बाजूला फक्त स्क्रीन आणि तिच्या खाली एक बटण. बाकी सगळे भाग, भाताच्या शितांएवढे, मागच्या बाजूला. स्क्रीनची रिबन बोर्डाच्या कडेवरून मागे वळणार आणि तिथल्या कनेक्टरमध्ये शिरणार. एक वाट नेली की दुसरी अडायची. दुसरीला जागा केली की तिसरीचा कोंडमारा. दोन वाटा एकमेकींना ओलांडत असतील तर एकीने भोकातून पलीकडच्या बाजूला उतरायचं आणि पुढे जाऊन पुन्हा वर यायचं. बदलापूरच्या रेल्वे फाटकाजवळ लोक भुयारातून पलीकडे जातात तसंच, असं त्यांच्या मनात आलं आणि ते एकटेच हसले. बाईंनी आतून विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही. एकाला पलीकडे काढला."

शंका मात्र प्रत्येक वाटेवर. वाट बारीक तर झाली नाही? भोकं फार जवळ तर नाहीत? खऱ्या मापाचा कागद छापून त्यांनी प्रत्येक भाग त्यावर ठेवून पाहिला. अनुयाला इतक्यांदा विचारलं की ती म्हणाली, "काका, बस झालं! एवढं तर आमच्या कंपनीतही कुणी तपासत नाही."

कनेक्टर घ्यायला ते पुन्हा उल्हासनगरला गेले. त्यांना रिबनला एकाच बाजूने टेकणारा साधा कनेक्टर हवा होता.

"वन साइडवाला संपला, साईं," जयदेव म्हणाला. "ये ले जाओ. दोनों तरफ से पकडतो. रिबन सीधा डालो, उलटा डालो, नो टेन्शन."

"उलटी कशाला घालेन मी?" बुद्धभूषण जरा दुखावून म्हणाले. पण दुसरा नव्हता. तोच घेतला.

अंबरनाथला आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याने बोर्ड करून, सगळे भाग बसवून दिले. निळे, नखासारखे गुळगुळीत. पौर्णिमा आता अगदी तोंडावर आली होती. अनुया मुद्दाम घरी आली. बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. बुद्धभूषणांनी रिबन कनेक्टरमध्ये सरकवली आणि बॅटरीची तार उचलली.

"काका, थांबा." अनुयाने जोडणी तपासायच्या मल्टिमीटरची टोकं बोर्डावर टेकवली, इकडे, मग तिकडे. तिच्या कपाळाला आठी पडली. "काका, हा कनेक्टर तुम्ही कुठल्या बाजूने बघून काढलाय?"

"म्हणजे? खालून. तांब्याच्या बाजूने. तसाच काढतात."

"प्रोग्रॅममध्ये सगळं वरूनच बघून काढायचं असतं, काका. मागचं पण, जणू बोर्ड आरपार दिसतोय असं."

बुद्धभूषणांना कळायला क्षणभर लागला. मग ते खुर्चीत बसले. फिल्मच्या काळात तांबं बोर्डाच्या खालच्या अंगाला असे, म्हणून ड्रॉइंग खालच्या अंगानेच काढायची रीत होती. ती हातात इतकी मुरली होती, की मागच्या बाजूचा कनेक्टर आला तसा हातच त्या बाजूला जाऊन बसला. पहिली पट्टी शेवटच्या जागी, शेवटची पहिल्या. आरशातल्यासारखं. जाडी, रुंदी, भोकं, सगळ्यावर त्यांनी शंका घेतली होती. शंका आली नाही ती एवढ्याच एका गोष्टीची.

"नवीन करून घेऊ," अनुया म्हणाली.

"पौर्णिमेच्या आत?"

अनुयाने मल्टिमीटर बंद केला.

बाई उठल्या. "मी चहा टाकते," म्हणाल्या आणि भिंतीला हात लावत आत गेल्या. जाताना आवाज अगदी नेहमीसारखा ठेवून म्हणाल्या, "शंकररावांना काय, उद्या सांगितलं तरी चालेल."

तो नेहमीसारखा आवाज ऐकून बुद्धभूषण टेबलाशी सरकले. त्यांनी टेबलावरच्या पुस्तकातून खुणेची कागदी पट्टी ओढून काढली. तिच्या टोकावर ओळीने आकडे लिहिले. पट्टी सरळ धरली, मग पालथी केली. पालथी केली की आकडे उलट्या क्रमाने लागतात, हे पोरालाही कळेल. पण आज पहिल्यांदाच दिसल्यासारखं बुद्धभूषण त्याकडे बघत राहिले.

"अनुया, रिबन पालथी करून घातली तर पट्ट्या बरोबर लागतील ना?"

"लागतील, पण त्यांची सोनेरी बाजू वरच्या अंगाला येईल. कनेक्टर खालून पकडतो—"

"हा नाही. हा दोन्हीकडून पकडतो." ते जवळजवळ ओरडलेच. "जयदेवकडे दुसरा नव्हता!"

अनुयाने भिंग लावून कनेक्टर पाहिला आणि हसायला लागली. पण लगेच थांबली. "थांबा हां. पालथी घालून नेहमीसारखी पुढे वळवली, तर स्क्रीन बोर्डाकडे तोंड करून बसेल. भिंतीकडे तोंड केलेल्या पोरासारखी."

बुद्धभूषणांनी कागदी पट्टी पुन्हा हातात घेतली. पुढे वळवली तर तोंड आत. मग त्यांनी ती उलट दिशेला, मागच्याच बाजूला दुमडली. तोंड बाहेर आलं.

"पुढे वळवायचीच नाही. इकडेच, भागांच्या अंगावर झोपवायची. मध्ये फोमची पट्टी."

रिबन पालथी शिरली. अनुयाने पुन्हा मल्टिमीटर टेकवला, मान हलवली, आणि बॅटरी जोडली. काळ्या काचेवर पांढरीशुभ्र ओळ उभी राहिली, जोडाक्षरांसकट.

दोघांनीही वाकून ती वाचली. मग बुद्धभूषणांचा चेहरा पुन्हा उतरला.

"बटण मागे गेलं गं."

खरंच. स्क्रीन ह्या बाजूला आली, आणि पूर्वी स्क्रीनच्या खाली येणार होतं ते बटण आता पाठीमागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी. ते शोधायला यशोधरा प्रत्येक ओळीला हे पालथं करणार का? खिडकी पुन्हा हलणार, ओळ पुन्हा हरवणार. सगळं केलं ते ह्यासाठी?

बाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. "चाललं का?"

"चाललं," ते म्हणाले. "आणि नाहीही."

"द्या इकडे."

सुया ठेवायची पारदर्शक झाकणाची प्लॅस्टिकची डबी ह्या कामासाठी आधीच ठरली होती. बुद्धभूषणांनी तिच्या बुडाला बटणापुरतं भोक पाडलं, बोर्ड आत बसवला, बॅटरी शेजारी सरकवली आणि डबी बाईंच्या हातात दिली. बटण कुठे आहे ते सांगायला तोंड उघडलं, तोवर ओळ बदलली.

बाईंचं पहिलं बोट मागे जाऊन आपोआप त्यावर टेकलं होतं. डबी हातात धरली की ते बोट दुसरं कुठे जाणार? त्यांनी पुन्हा दाबलं. पुढची ओळ. पुन्हा. डबी जागची हलली नाही, नजर जागची हलली नाही.

"हे मागे ठेवलंत ते बरं केलंत," बाई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. "त्या तारांच्या वेळी पुढे होतं ना, तेव्हा माझा अंगठाच मला दिसायचा. माझ्याकडे बघायला जागा एवढीशी, त्यात अंगठा कशाला?"

"ठेवलं नाही," बुद्धभूषण म्हणाले. "चुकून गेलं."

"बरं, चुकून."

"अगं, खरंच."

"मी नाही कुठे म्हणते?" बाई म्हणाल्या, आणि पुढची ओळ मोठ्याने वाचली. अनुयाने तोंडाला ओढणी लावून हसू दाबलं. चहा तिघांचाही निवला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शंकररावांना फोन केला आणि स्पीकर नको म्हणून सांगितलं. कपाटातली चष्म्याची डबी पुन्हा खिडकीच्या कट्ट्यावर आली.

पौर्णिमेला विहार भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं. चौरंगावर ग्रंथ उघडला. बाईंनी डावा हात उघड्या पानावर ठेवला आणि उजव्या मुठीतली ती डबी त्याच पानावर अलगद टेकवून धरली. लांबून पाहणाऱ्याला बाई ग्रंथावर हात ठेवून बसल्यात एवढंच दिसत होतं.

बुद्धभूषण सगळ्यात मागे, चपलांच्या रांगेजवळ भिंतीला टेकून बसले होते. बॅटरी भरली होती ना? फोम सरकला तर? चौथ्या प्रकरणात एक ओळ दोनदा टाइप झाल्यासारखी आठवत होती. ती खोडली होती का? त्यांना उठून बाहेर जावंसं वाटलं.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. आवाज पूर्वीचाच होता, चाल मात्र वेगळी. ओळ संपली की किंचित थांबायच्या, तेवढ्यात पुढची ओळ यायची. ते थांबणं श्वासाच्याच जागी पडत होतं, कारण ओळी त्यांच्याच श्वासाने तोडलेल्या होत्या. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या द्रौपदीबाई त्या प्रत्येक थांब्याला हळूच मान हलवू लागल्या, जणू एवढं पोचलं, आता पुढचं द्या.

शंकरराव मागे सरकत बुद्धभूषणांजवळ आले आणि कानाशी लागले. "बाईंच्या हातात काय आहे ते?"

"डबी आहे. सुयांची."

"सुयांची?"

"हो," बुद्धभूषण म्हणाले. समजावून सांगायचं तर खूप होतं आणि ते स्वतःबद्दल बोलल्यासारखं झालं असतं. "तिच्यात ओळी आहेत. बटण मागे आहे."

शंकररावांनी त्यांच्याकडे पाहिलं, काही कळलं नाही, पण मान डोलावली आणि ऐकायला लागले.

चौथं प्रकरण अजून बरंच दूर होतं. बाई वाचत होत्या. ओळ संपायची, पुढची यायची, आणि चपलांच्या रांगेजवळ बसलेल्या बुद्धभूषणांचं पहिलं बोट त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यावर, बरोबर त्याच क्षणी, हलकेच दाबलं जायचं.